हेन्रीला बाहेर कधी काढणार?

लहान मुलांच्या टीव्ही मालिकेची पारख करायची कशी? बहुतेक घरांत दोनच प्रश्न विचारले जातात. मारामारी नाही ना? आणि तात्पर्य चांगलं आहे ना? दोन्ही उत्तरं मनाजोगती आली, की मुलाला टीव्हीपुढे बसवून मोठी माणसं आपापल्या कामाला लागतात. बोलक्या आगगाड्यांची ‘थॉमस द टँक इंजिन’ ही इंग्रजी मालिका या परीक्षेत सहज पास होते. सोडोर नावाचं काल्पनिक बेट, त्यावर चेहरे असलेली रंगीत इंजिनं, त्यांचे रुसवेफुगवे आणि त्या सगळ्यांवर एक जाडे, उंच टोपीवाले कंट्रोलरसाहेब. यात आक्षेप घेण्याजोगं काय असणार?

नात चार वर्षांची झाल्यापासून मी हे भाग तिच्या शेजारी बसून पाहतो आहे. एकेक भाग पाच-सहा वेळा. माझी परीक्षा मात्र निराळी आहे. बँकेतल्या शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे खातेनिहाय चौकशांचं काम होतं. आरोपपत्र, साक्षी, जबाब, निष्कर्ष. ती सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. त्यामुळे थॉमसचा भाग संपला की मी मनाशी विचारतो : चूक नेमकी कोणाची होती? त्याचं म्हणणं कोणी ऐकून घेतलं का? आणि शिक्षा चुकीच्या मापाची होती का? या तीन प्रश्नांवर काही भाग शंभर नंबरी ठरतात आणि काही साफ आपटतात. गंमत म्हणजे आपटणाऱ्यांत अगदी सुरुवातीचा, फार नावाजलेला एक भाग आहे.

त्याआधी थोडी पूर्वपीठिका. या गोष्टी विल्बर्ट ऑड्री या इंग्रज धर्मोपदेशकाच्या. त्याच्या मुलाला गोवर आला होता, त्याचं मन रमवायला बापाने इंजिनांच्या गोष्टी सांगितल्या. पहिलं पुस्तक १९४५ मध्ये निघालं, थॉमस आला तो १९४६च्या दुसऱ्या पुस्तकात. कंट्रोलरसाहेब तेव्हा ‘डायरेक्टर’ होते. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि त्याच वर्षीच्या पुस्तकात ते ‘कंट्रोलर’ झाले. राष्ट्रीयीकृत बँकेत हयात घालवलेल्या माणसाला या बदलाचं हसू येतं, कारण साहेबांची पाटी तेवढी बदलली होती. खुर्ची तीच, पोटही तेच.

ब्रिट ऑलक्रॉफ्ट या बाईंनी या गोष्टींची मालिका केली आणि १९८४ मध्ये ती ब्रिटनमध्ये सुरू झाली. खरीखुरी छोटी इंजिनं रुळांवर धावत. चेहरे बदलून लावले जात, डोळे फिरत, पण ओठ हलत नसत. बीटल्सपैकी रिंगो स्टार एकटाच सगळी गोष्ट सांगे, सगळ्यांचे आवाज त्याचेच. आजी गोष्ट सांगताना वाघही तीच होते आणि शेळीही तीच, तसं. पुढे संगणकावर इंजिनांचे ओठ हलू लागले, प्रत्येकाला वेगळा आवाज मिळाला. माझ्या मते तिथे काहीतरी गेलं. पण तो मुद्दा वेगळा.

आता तो आपटलेला भाग. हेन्री नावाचं हिरवं इंजिन पावसात बोगद्यात शिरतं आणि बाहेर यायलाच नकार देतं. कारण काय, तर पावसाने आपला सुंदर रंग खराब होईल. कंट्रोलरसाहेब उतारूंना दोर ओढायला लावतात, मागून ढकलायला लावतात. हेन्री हलत नाही. शेवटी साहेबांचा हुकूम सुटतो. पुढचे रूळ उखडतात, समोर विटांची भिंत उभी राहते आणि हेन्री आत. मुदत नाही, अपील नाही. बोगद्यातल्या धुराने आणि काजळीने तोच हिरवा रंग नासतो. शेवटी निवेदक मुलांनाच विचारतो, त्याला योग्यच शिक्षा झाली, नाही का?

आमची नात यावर काही बोलली नाही. टीव्ही बंद झाल्यावर जेवताना तिने विचारलं, ‘आजोबा, हेन्रीला बाहेर कधी काढणार?’ दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

पुढच्याच भागात काढतात. पण का काढतात ते पाहण्यासारखं आहे. गॉर्डन हे मोठं इंजिन एक्स्प्रेस ओढताना बिघडतं, एडवर्डला एकट्याला ती गाडी झेपत नाही, तेव्हा साहेबांना हेन्रीची आठवण होते. म्हणजे दया म्हणून सुटका नाही, चौकशी पूर्ण झाली म्हणून नाही. गाडी अडली म्हणून. निलंबित माणसाला मार्चअखेरीला परत बोलावून घेणारे साहेब मी पाहिले आहेत. अमेरिकेतल्या मुलांसाठी पुढे निवेदनाचा तो शेवट बदलून मवाळ करण्यात आला, हेन्री किती दिवस आत राहील असं तुम्हाला वाटतं, अशा अर्थाचा. शेवटचं वाक्य बदलून भिंत पडत नाही. आपल्याकडे हट्टी पोराला अंधाऱ्या खोलीत कोंडण्याची शिक्षा घरोघर होती, काही घरांत अजूनही असेल. म्हणून सांगतो, हा भाग मुलांना दाखवायचाच असेल तर पुढचा भाग लागलीच दाखवावा.

आता याच्या उलट टोकाचे दोन भाग, पुन्हा हेन्रीचेच. त्याला वाफ पुरत नाही, तो सारखा दमतो. साहेब नाराज असतात, नवं इंजिन आणायची भाषा करतात. पण या वेळी ते फायरमनला बोलू देतात. फायरमन सांगतो, कोळसा हलका आहे आणि हेन्रीचा अग्निकोष लहान आहे. झालं, चांगला वेल्श कोळसा येतो आणि हेन्री सुधारतो. कामचुकार म्हणून शिक्का बसलेल्या माणसाच्या बाबतीत कोळसा तपासण्याची बुद्धी किती साहेबांना होते? किती पालकांना, हेही विचारायला हवं.

दुसरा भाग त्याहून सरस आहे. ‘फ्लाइंग किपर’ ही मासळीची गाडी घेऊन हेन्री बर्फाळ पहाटे निघतो. बर्फाच्या भाराने सिग्नलचा हात खाली वाकलेला असतो. तिथल्या पद्धतीत खाली वाकलेला हात म्हणजे रस्ता मोकळा. सांधेही गोठलेले. हेन्री बाजूच्या रुळावर वळतो आणि उभ्या मालगाडीवर आदळतो. आडव्या पडलेल्या इंजिनाजवळ साहेब येतात. पोटात गोळा येतो, आता पुन्हा भिंत! पण साहेब म्हणतात, चूक तुझी नाही, हा अपघात बर्फाने केला. आणि त्याला दुरुस्तीसाठी क्रूच्या कारखान्यात पाठवतात. तिथून तो नव्या बांध्याचा होऊन परततो.

हे कल्पनेतलं नाही. इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन इथे १८७६च्या जानेवारीत अगदी असंच घडलं, गोठलेले सिग्नल ‘मोकळा’ दाखवत राहिले आणि माणसं मेली. त्यानंतर सिग्नल एरवी ‘थांबा’वरच ठेवायचा, असा रिवाज आला. बँकेतला प्रत्येक कंटाळवाणा नियमही असाच कुठल्यातरी फटक्यानंतर लिहिलेला असतो. थॉमस खाणीच्या जमिनीत खचतो तो भाग घ्या. १८९२ मध्ये लिंडल गावी खाणीवरची जमीन खचून एक इंजिन असंच गडप झालं, ते अजून तिथेच गाडलेलं आहे. ऑड्रीचा आग्रहच होता की गोष्ट रेल्वेत घडू शकेल अशी हवी. टीव्हीवाल्यांनी हेन्रीला जंगल न्याहाळायला रुळांवर थांबवलं, तेव्हा म्हातारा बिथरला. गाडी वाटेत थांबली की सिग्नलवाल्याला कळवलंच पाहिजे, असा पंचावन्न क्रमांकाचा नियम होता, आणि तुम्ही खुशाल देखावा बघताय!

नियम पाळा म्हणून तो हट्ट नव्हता, असं मला वाटतं. लोखंडाला वजन असतं, ते वजन गोष्टीत राहिलं पाहिजे. २०१० नंतरच्या संगणकी भागांपैकी पुष्कळ भागांत नेमकं हेच हरवलं. थॉमस शहाण्याचं ऐकत नाही, एकदा फसतो, दोनदा फसतो, तिसऱ्यांदा फसतो, मग माफी मागतो आणि सगळे हसतात. तीन चुका, एक ‘सॉरी’, फाइल बंद. २०१३ पासून लेखकांचा चमू बदलला आणि काही काळ मालिका सावरली, हे मान्य. २०२१च्या नव्या अवतारात तर इंजिनं रुळांवरून चक्क उड्या मारतात. तिथे चौकशी तरी कशाची करणार? २०१६च्या चित्रपटात निलगिरीच्या डोंगरी गाडीवरून बेतलेली अशिमा नावाची नटलेली भारतीय गाडी आली. नात हरखली. पण देशाभिमानापोटी मी जादा गुण देत नाही.

या मालिकेतली सर्वांत मोठी पदवी म्हणजे ‘खरोखर उपयोगी इंजिन’. साहेब ती देतात आणि इंजिनं फुलून येतात. निवृत्त माणसाच्या कानाला हा शब्द थोडा बोचतो. उपयोगी नसलेल्याचं काय? सोडोरबाहेर त्याचं उत्तर भंगार हे होतं. ब्रिटिश रेल्वेने १९६८ मध्ये वाफेची इंजिनं मोडीत काढली, आणि ऑलिव्हर नावाचं इंजिन भंगारातून जीव घेऊन पळतं, तो भाग मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त लागतो.

म्हणून माझा पहिला नंबर एडवर्डच्या पराक्रमाला. म्हातारा एडवर्ड, सुटतानाच खडखडणारा, त्याला बाकीची इंजिनं हसतात. पाहुण्यांनी भरलेली गाडी घेऊन तो जातो आणि परतीच्या वाटेवर, पावसात, चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची एक खीळ मोडते. ड्रायव्हर-फायरमन ते दांडे काढून टाकतात. आता निम्मीच चाकं ओढणार, आणि ती घसरणार. मग डब्यांच्या साखळ्या सैल करतात, म्हणजे सगळा भार एकदम न येता एकेक डबा मागे येईल. रखडत, धापा टाकत एडवर्ड रात्री उशिरा पोचतो. फलाटावर साहेब उभे असतात, रागाने घड्याळाकडे बोट दाखवत.

आणि साहेब काही बोलायच्या आत डब्यांची दारं उघडतात. उतारू खाली उतरून एडवर्डचा, ड्रायव्हरचा, फायरमनचा जयजयकार करायला लागतात. मग शेडमध्ये डक आणि बोको हे दोघे त्याला कोणी त्रास देणार नाही याची काळजी घेतात. गॉर्डन आणि जेम्स, जे सकाळी हसले होते, अदबीने गप्प असतात. एडवर्ड झोपलेला असतो. नात हळूच माझ्या हातातला रिमोट घेते आणि आवाज कमी करते.