आईचा वात आणि लेकीचं स्थळ

माझी नणंद मुरबाडकडची. गेल्या आवणीला तिला रोपांची मूठ धरवेना. सकाळी दोन-दोन तास बोटं आखडलेली, दोन्ही मनगटं सुजलेली, भाकरी थापताना डोळ्यांत पाणी. वर्षभर तेल आणि दुखण्यावरच्या गोळ्या झाल्या. शेवटी कल्याणला नेलं, रक्त तपासलं. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, दोन्ही पॉझिटिव्ह. आमवात!

त्याच महिन्यात शहापूरहून भाचीला स्थळ आलं होतं. मुलाचे मामा विडी झटकत म्हणाले, "आईचा वात लेकीत उतरतो म्हणतात." झालं! बाईंनी गोळ्या पिठाच्या डब्यामागे लपवल्या आणि घ्यायच्याच सोडल्या. गोळ्या दिसल्या नाहीत की दुखणंही नाही, असा हिशेब.

मग मीच डॉक्टरांना विचारलं, उतरतो का हो खरंच?

थोडंफार उतरतं. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए-डीआरबी १ नावाचं जनुक असतं. शरीरात शिरलेल्या जंतूंचे तुकडे रक्षक पेशींना दाखवायचे, हे त्याच्या प्रथिनाचं काम. या जनुकाचे काही प्रकार असे, की रक्षक पेशी आपल्याच सांध्यांना परकं समजण्याची शक्यता वाढते. अशा प्रकारांत एका जागी जवळपास सारखाच तुकडा असतो, हे संशोधकांनी १९८७ मध्ये मांडलं. पण ते जनुक असूनही बहुतेकांना आमवात होतच नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकीला झाला, तर दुसरीला होण्याचं प्रमाण शंभरात पंधराच्या आसपास. बाकी वाटा इतर गोष्टींचा, आणि त्यात पक्का सापडलेला गुन्हेगार म्हणजे तंबाखूचा धूर. (मामांना हे कोण सांगणार?)

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने घरोघर जाऊन पाहणी केली. हजार प्रौढांत साधारण पाचजणांना आमवात निघाला. आईला असल्याने लेकीचा धोका तिप्पट धरला, तरी हजारात पंधरा. उरलेल्या नऊशे पंच्याऐंशी लेकींची लग्नं मोडायची का?

जनुक तपासायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. भाचीने एवढंच बघायचं: सकाळचा ताठरपणा तासभर टिकला, दोन्ही हातांची बोटं सुजली, की लगेच दाखवायचं. उशीर झाला तर सांधे वाकडे होतात, ते परत सरळ होत नाहीत.

हे मी नणंदेला सांगितलं, तेव्हा ती नुसती बोटांकडे बघत राहिली. शहापूरचा निरोप अजून नाही. मेथोट्रेक्सेटची गोळी मात्र आठवड्यातून एकदाच, दर सोमवारी रात्री, भाची स्वतः हातावर ठेवते.