सायकल तुमची, रस्ता तुमचा, पंक्चरही तुमचंच!

शिरूरहून दौंडला सायकलवर जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, असं कॉलेजच्या कट्ट्यावर नुसतं सांगून बघा. पहिला प्रश्न येईल, "गाडी असताना सायकल कशाला?" आणि दुसरा, "मध्येच पंक्चर झालं तर आणायला कोण येणार?" पहिल्याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यावं. दुसऱ्याचं उत्तर मात्र एका अख्ख्या खेळानं आधीच देऊन ठेवलंय : कोणीच येणार नाही!

या खेळाचं नाव सेल्फ-सपोर्टेड बाइकपॅकिंग. सायकलच्या फ्रेमला, सीटखाली आणि हँडलला बॅगा बांधायच्या, लागेल ते सगळं त्यात कोंबायचं आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटर एकट्याच्या जोरावर कापायचे. मागे टीमची गाडी नाही, मेकॅनिक नाही, पाणी हातात देणारा मित्र नाही. युरोपातली ट्रान्सकॉन्टिनेंटल रेस २०१३ पासून याच तत्त्वावर होते. घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत थांबत नाही. तुम्ही जेवताय, झोपलाय की रस्ता चुकलाय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

नियम आपल्या भाषेत सांगायचा तर असा. पाटसच्या हॉटेलात पिठलं-भाकरी विकत घेऊन खाल्ली तर चालेल, कारण ती मागून येणाऱ्या प्रत्येकाला मिळू शकते. पण पाटसला राहणारी मावशी तुमच्यासाठी डबा घेऊन रस्त्यावर उभी राहिली, तर ती मदत झाली. मावशीचं प्रेम मान्य, पण डबा नाही!

आपल्याकडचा दरवाजा : बीआरएम

एकदम युरोपात जायची गरज नाही. आपल्याकडे या वाटेचा सगळ्यात सोपा दरवाजा म्हणजे बीआरएम, बोलीभाषेत 'ब्रेव्हे'. भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स या संस्थेमार्फत त्या होतात आणि पुण्यातून नियमित होतात. ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो, ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं इतकंच. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. या चारही एकाच सीझनमध्ये पूर्ण केल्या की तुम्ही 'सुपर रँडोनर'. वाटेत कंट्रोल पॉइंट असतात. मदत घ्यायची तर फक्त तिथेच, मधल्या रस्त्यात नाही.

साडेतेरा तासांत २०० किमी? "त्यात काय, ताशी पंधराच तर होतात!" असं वाटतं ना? आता कागद-पेन घ्या.

समजा, तुम्ही ताशी २० च्या वेगानं चालवता. २०० किमीला १० तास लागले. हातात उरले साडेतीन. नाश्त्याला ४० मिनिटं, जेवणाला एक तास, चार कंट्रोलवर प्रत्येकी १५ मिनिटं म्हणजे आणखी एक तास, एका पंक्चरला २० मिनिटं. झाले तीन तास! शिल्लक फक्त अर्धा. आता समोरून वारा सुटला आणि वेग १६ वर आला, तर चालवण्यातच साडेबारा तास जातात. म्हणजे थांबायला दिवसभरात एक तास. अशा राइडमध्ये पायांइतकाच वेळ खातात ते हे थांबे. चहाच्या टपरीवर 'पाचच मिनिटं' म्हणून टेकलेला माणूस कधीच पाच मिनिटांत उठत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच.

घरचा ट्रॅक

शिरूर-दौंडच्या पोरापोरींकडे सरावाचा रस्ता दाराशीच आहे. शिरूरहून न्हावरा, तिथून पारगावला भीमा ओलांडून चौफुला, मग सोलापूर हायवेनं पाटस आणि डावीकडे वळून दौंड. जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या घरात. दौंडकरांनी हाच रस्ता उलटा धरावा. घाट नाही, म्हणून सोपा वाटतो. पण घाट नाही म्हणजे उतारही नाही. पायडल मारणं थांबलं की सायकल थांबलीच. आणि वारा सुटला तर उघड्या रानात आडोसा मिळत नाही.

सुरुवात मात्र ५० किमीपासून करा. मग ८०, मग १०० आणि मगच दौंड. सायकल महागडीच हवी असं नाही. ती तुमच्या मापाची असावी आणि ब्रेक धड असावेत. दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर, पंक्चर किट, ॲलन कीचा सेट, पॉवर बँक, ओआरएस, केळी, चिक्की आणि थोडी रोख रक्कम एवढं सोबत असू द्या. निघण्याआधी घरच्या अंगणात मागचं चाक तीन वेळा काढून बसवा. हायवेच्या कडेला, उन्हात, हात ग्रीसनं काळे झालेले असताना पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नव्हे.

पुढे गेलेली पोरं कोण?

वेदांगी कुलकर्णी हे नाव लक्षात ठेवा. तेव्हा वय २०, इंग्लंडमध्ये शिकत असलेली आपली मराठी मुलगी. २०१८ च्या जुलैत ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली. डिसेंबरात कोलकात्याला पोहोचली, तेव्हा १५९ दिवसांत १४ देश आणि सुमारे २९ हजार किलोमीटर झाले होते. वाटेत कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकानं लुटलं गेलं. तरी ती पुढे गेली.

दुसरं नाव जर्मनीच्या फिओना कोल्बिंगरचं. २०१९ ची ट्रान्सकॉन्टिनेंटल बल्गेरियातून फ्रान्सपर्यंत सुमारे चार हजार किलोमीटरची होती. वैद्यकीय शिक्षण घेणारी २४ वर्षांची फिओना पहिल्यांदाच अशा रेसमध्ये उतरली आणि दहा दिवसांहून थोड्या जास्त वेळात पहिली आली. मुलींमध्ये पहिली नव्हे, सगळ्यांत पहिली!

आणि आता जरा सिरियसली

ट्रान्सकॉन्टिनेंटल सुरू करणारा माइक हॉल हा या खेळातला मोठा माणूस. ३१ मार्च २०१७ ला ऑस्ट्रेलियात अशाच एका रेसमध्ये, उजाडण्याआधीच्या अंधारात कारनं धडक दिली आणि तो गेला. इतका अनुभवी माणूस, तरीही. म्हणून बीआरएमला हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतंच. सरावालाही हीच शिस्त ठेवा.

आपल्या रस्त्यांचे धोके तर आपल्याला पाठ आहेत. ऊस गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. शिरूरच्या बेट भागात बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. त्यामुळे एकट्यानं, रात्री, उसाच्या मधल्या रस्त्यानं सराव ही हिंमत नाही, वेडेपणा आहे. पहाटे उजाडल्यावर निघा, दोघं-तिघं मिळून जा आणि घरी रस्ता व वेळ सांगून जा. 'सेल्फ-सपोर्टेड'चा अर्थ 'कुणालाच न सांगता' असा होत नाही.

याहून अवघड एक निर्णय आहे, सोडून देण्याचा. गुडघा दुखतोय, डोळे मिटताहेत, पण स्टेटस टाकून झालंय. आता परत फिरलो तर लोक काय म्हणतील? ऐका. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १८९१ पासूनची १२०० किमीची राइड दर चार वर्षांनी होते. २०१९ मध्ये आपल्याकडून मोठ्या संख्येनं सायकलस्वार तिथे गेले. सगळे सुपर रँडोनर. तरीही बऱ्याच जणांना ती ९० तासांत पूर्ण करता आली नाही. निकालात नावापुढे 'डीएनएफ' लागलं, म्हणजे 'पूर्ण केली नाही'. त्याचा कुणाला कलंक लागला नाही.

मागे गाडी नसते, तेव्हा 'बस झालं' हे तुम्हालाच म्हणावं लागतं. त्यामुळे निघण्याआधीच थंड डोक्यानं ठरवा : किती वाजता परत फिरायचं, कुठलं दुखणं आलं तर थांबायचं आणि थांबलात तर घरी कसं यायचं. दौंड तर जंक्शन आहे, पुण्याकडे गाड्या मिळतात. हे सगळं कागदावर लिहा आणि खिशात ठेवा. थकलेलं डोकं खोटं बोलतं, कागद बोलत नाही.

तर या रविवारी काय करताय? न्हावऱ्यापर्यंत जाऊन परत या. थांबलात तितकी मिनिटं मोजा. आकडा बघून हसू येईल, आणि पुढच्या रविवारी तो कमी करावासा वाटेल.