ताईचंच ऑपरेशन मलाही करा!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी पावसाळ्यात दोघी बहिणी माझ्या ओपीडीत आल्या. थोरलीवर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया मीच तीन वर्षांपूर्वी केली होती. तिचं वजन तीस किलोंनी उतरलं होतं आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एक सुटली होती. धाकटी एक्केचाळीस वर्षांची, उंची पाच फूट, वजन १०२ किलो. तिचं स्वतःचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारपासून ती गॅससमोर उभी असते. खुर्चीत टेकता टेकता म्हणाली, ‘‘डॉक्टर, मला फार काही समजावू नका. ताईचं केलंत तेच माझं करा.’’

मी विचारलं, ‘‘ताईचा चष्मा तुम्ही लावता का?’’

दोघी हसल्या. पण धाकटीचा आग्रह काही कमी झाला नाही, आणि त्यात तिची चूक नव्हती. शेजारणीला, नात्यातल्या कुणाला गुण आला की आपण तेच औषध मागतो. आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. शस्त्रक्रिया करायची हे नक्की झाल्यावर ती कोणती करायची?

आधी थोडं ‘कुणाला’ याबद्दल. किलोतल्या वजनाला उंचीच्या, म्हणजे मीटरमधल्या उंचीच्या, वर्गाने भागलं की जो आकडा येतो त्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या निकषानुसार हा आकडा ४० असेल, किंवा ३५ असून सोबत मधुमेहासारखा आजार असेल, तरच शस्त्रक्रिया करत. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो निकष खाली आणला. आपण आशियाई माणसं कमी वजनातही मधुमेहाला बळी पडतो, म्हणून आपल्यासाठी २७.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा पर्याय रुग्णासमोर ठेवावा, असं त्यांनी सुचवलं. आमच्या धाकटीचा आकडा ४४ होता. शस्त्रक्रिया हवी की नको, याबद्दल तिच्या बाबतीत शंका नव्हती.

आता या शस्त्रक्रियांचा थोडा इतिहास, कारण त्यात एक धडा आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा बराच मोठा भाग वगळून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. वजन भराभर उतरत असे. पण पुढे कुणाचं यकृत निकामी झालं, कुणाला मूत्रखडे झाले, कुणाचं कुपोषण झालं. ती शस्त्रक्रिया शेवटी सोडून द्यावी लागली. काट्यावरचा आकडा खाली येणं हे एकच यश मानलं, तर माणूस बारीक होतो आणि आजारीही पडतो. हा धडा आजही तेवढाच खरा आहे.

पुढे आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांच्या एक गोष्ट लक्षात आली. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढला होता, त्या रुग्णांचं वजन नंतर वाढत नसे. त्यावरून १९६६ साली त्यांनी गॅस्ट्रिक बायपास केली. आजची बायपास ही तिचीच सुधारलेली आवृत्ती. १९९० च्या दशकात ती दुर्बिणीतून होऊ लागली आणि पोटावरचा वीतभर छेद गेला.

आज प्रामुख्याने दोन शस्त्रक्रिया होतात. पहिली ‘स्लीव्ह’. जठर म्हणजे एक मोठी पिशवी आहे असं समजा. स्टेपलरने तिचे उभे दोन भाग करायचे, तीन चतुर्थांशांहून मोठा भाग काढून टाकायचा, आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवायची. आतड्यांना हात लावायचा नाही. काढलेल्या भागातच भूक लावणारं ‘घ्रेलिन’ नावाचं संप्रेरक मुख्यतः तयार होतं. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली त्याचा शोध लावला. त्यामुळे पोट लहान होतं आणि भूकही मंदावते. मात्र काढलेलं जठर परत बसवता येत नाही.

दुसरी ‘बायपास’. हिच्यात जठर काढत नाहीत. वरच्या टोकाला साधारण तीस मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी, पिशवी वेगळी करतात आणि तिला लहान आतडं खालून आणून जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जातं. शहराबाहेरून जाणारा बायपास रस्ता डोळ्यांसमोर आणा. या वळशामुळे आतड्यातल्या संप्रेरकांचं गणित बदलतं, आणि पुष्कळदा वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत, साखर खाली येते.

याशिवाय जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवण्याची पद्धत २००० च्या दशकात फार लोकप्रिय होती. पण पट्टे सरकू लागले, वजन पुरेसं उतरेना, आणि अनेकांचे पट्टे काढावे लागले. आता ती क्वचितच होते. एकच जोड असलेली ‘मिनी बायपास’ १९९७ पासून आहे आणि आपल्याकडेही बरीच होते. ती करायला सोपी, पण काहींना पित्त उलटं जठरात येण्याचा त्रास होतो. ‘ड्युओडिनल स्विच’ने वजन सर्वांत जास्त उतरतं, पण पोषणद्रव्यांची उणीवही सर्वांत जास्त होते.

मग स्लीव्ह बरी की बायपास? फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर याची तुलना झाली. पाच वर्षांनंतर, उंचीच्या मानाने जेवढं वजन जादा होतं त्यापैकी स्लीव्हवाल्यांचं सरासरी ४९ टक्के, तर बायपासवाल्यांचं ५७ टक्के उतरलेलं होतं. बायपास थोडी पुढे, पण फरक जमीन-अस्मानाचा नाही. म्हणून ‘कशाने जास्त किलो उतरतील?’ या प्रश्नावर निवड करू नये, असं माझं मत आहे. खरा फरक इतरत्र पडतो.

पहिला फरक आम्लपित्ताचा. स्लीव्हची नळी अरुंद असते, तिच्यात दाब जास्त असतो, आणि आम्ल वर अन्ननलिकेत येऊ शकतं. स्वित्झर्लंडमधल्या अशाच तुलनेत, आधीपासून त्रास असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर शंभरातल्या जवळजवळ ३२ जणांचा त्रास वाढला. बायपासनंतर सुमारे सहा जणांचाच वाढला.

हे मी पुस्तकातून सांगत असलो तरी शिकलो मात्र एका रुग्णाकडून. २०१३ साली एका प्राथमिक शिक्षिकेवर मी स्लीव्ह केली. त्यांना ती हवी होती, आणि मलाही त्या काळात तिचं कौतुक होतं. ‘‘रात्री थोडं जळजळतं,’’ असं त्या म्हणाल्या होत्या. मी ते ‘थोडं’ धरूनच चाललो. दुर्बिणीने अन्ननलिका तपासायला हवी होती, ती तपासली नाही. त्यांचं वजन ३४ किलोंनी उतरलं. शाळेत सगळे अभिनंदन करत, आणि बाई रात्र रात्र आरामखुर्चीत बसून झोपत. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येई. चार वर्षं गोळ्यांवर काढल्यावर २०१७ साली मला त्यांची स्लीव्ह बदलून बायपास करावी लागली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, तेव्हा अजून दोन प्रश्न विचारले असतेत तर?’’ तेव्हापासून दुर्बिणीच्या तपासणीशिवाय मी कुणालाही तारीख देत नाही.

दुसरा फरक मधुमेहाचा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात मधुमेही रुग्णांचे तीन गट केले होते. पाच वर्षांनी, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी सहा किंवा त्याखाली असलेले रुग्ण केवळ औषधं घेणाऱ्यांत शंभरात पाच, स्लीव्हवाल्यांत २३ आणि बायपासवाल्यांत २९ होते. दोन्ही शस्त्रक्रिया औषधांच्या पुष्कळ पुढे. पण हेही पाहा, की दोन्हींत निम्म्याहून अधिक लोक त्या रेषेपर्यंत पोचले नाहीत. ‘ऑपरेशन केलं की शुगर कायमची गेली’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मधुमेह जितका जुना, तितकी सुटका अवघड.

एवढं ऐकून वाटेल, मग सगळ्यांनी बायपासच करावी. थांबा. बायपासची किंमत वेगळ्या खिशातून द्यावी लागते. लोह आणि कॅल्शियम ज्या भागात चांगलं शोषलं जातं, तोच भाग आपण वगळतो. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ शोषलं जायला जठरातल्या स्रावांची गरज असते, आणि अन्नाची त्यांच्याशी नीट गाठ पडत नाही. आपल्याकडे शाकाहारी माणसांत बी-१२ आधीच कमी असतं. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत लोहाचा दुष्काळ. गोळ्या स्लीव्हनंतरही घ्याव्या लागतात, पण बायपासनंतर हलगर्जीपणाला माफी नाही. गोळ्या आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी, हे जन्मभराचं.

शिवाय बायपासच्या जोडावर व्रण होऊ शकतो. गुडघेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या आणि तंबाखू हे त्याचे दोन मोठे मित्र. मिश्री लावणाऱ्या बायकांना हे मी आवर्जून सांगतो, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजतच नाहीत. शिरा, जिलेबी असं गोड जास्त खाल्लं तर घाम सुटतो, धडधडतं, पोटात कळ येते. वगळलेल्या जठरापर्यंत पुढे नेहमीची दुर्बीण पोचत नाही. आणि काही वर्षांनीसुद्धा आतड्याला पीळ पडू शकतो. म्हणून पोटात अचानक जोराची कळ आली, तर समोरच्या डॉक्टरांना आधी ‘माझी बायपास झाली आहे’ हे सांगायचं.

आता धाकटीकडे वळू. तिला आठ वर्षांपासून मधुमेह, दोन वर्षांपासून इन्सुलिन. दुर्बिणीतून पाहिलं तर जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला, अन्ननलिका सुजलेली. ही दोन्ही कारणं बायपासकडे बोट दाखवत होती. पण हिमोग्लोबिन ८.६, घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, आणि गुडघ्यांसाठी रोज एक वेदनाशामक गोळी. ही कारणं बायपासला ‘जपून’ म्हणत होती. तिच्या ताईला ना मधुमेह होता, ना जळजळ. म्हणून ताईला स्लीव्ह छान मानवली.

मी दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. तिने एकच प्रश्न विचारला, ‘‘गोळ्या किती वर्षं?’’

‘‘जन्मभर.’’

ती गप्प झाली. ‘‘विचार करून येते,’’ म्हणाली. पंधरा दिवसांनी आली ती डब्यांच्या हिशेबाची वही घेऊन. गोळ्यांचा महिन्याचा खर्च, वर्षाच्या तपासण्या, सुट्टीत केंद्र कोण बघणार, सगळं मांडलेलं. ‘‘बायपास करा,’’ म्हणाली, ‘‘पण आधी माझं रक्त वाढवा.’’ तीन महिने लोहाची इंजेक्शनं दिली, पाळीच्या जादा रक्तस्रावावर उपचार केले, वेदनाशामक बंद करून गुडघ्यांचे व्यायाम सुरू केले. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली. तिचं वजन आता ७८ किलो आहे. इन्सुलिन सुटलं, एक गोळी राहिली. जळजळ गेली. पण चौथ्या महिन्यात केस गळू लागले तेव्हा ती घाबरली होती, आणि लग्नसराईच्या ऑर्डरींत दीड महिना लोहाची गोळी चुकवून हिमोग्लोबिन पुन्हा खाली आणलं. मी रागावलो. वहीत आता पोळ्यांच्या शेजारी गोळ्यांचा रकाना आहे.

हल्ली लोक विचारतात, इंजेक्शनं निघालीत ना? हो. टिर्झेपाटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड २०२५ साली भारतात आलं. काहींना तोच मार्ग योग्य आहे. पण इंजेक्शन थांबलं की बहुतेकांचं वजन बऱ्याच अंशी परत येतं, हे धरून चालावं. म्हणजे तिथेही प्रश्न जन्मभराचाच.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना ‘किती किलो?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी हे विचारा: माझी अन्ननलिका दुर्बिणीतून पाहिलीत का? माझा मधुमेह किती जुना आहे, आणि त्याला कोणती शस्त्रक्रिया जास्त मानवेल? माझ्या रक्तात लोह, बी-१२, डी जीवनसत्त्व किती? मी रोज घेतो त्या गोळ्या नंतर चालतील का? ही शस्त्रक्रिया बिघडली तर पुढचा मार्ग काय? आणि पाच वर्षांनंतर मला तपासणार कोण? मूल हवं असेल तर तेही आधी सांगा, कारण शस्त्रक्रियेनंतर निदान वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं. विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या कलमात अट जुनीच, म्हणजे ४०, किंवा गंभीर आजारासह ३५, अशी आहे.

शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची असते. तिच्याबरोबर राहायचं मात्र तीस-चाळीस वर्षं. म्हणून निवडीसाठी पंधरा दिवस मागून घ्या आणि वही घेऊन बसा. तेवढा वेळ जो डॉक्टर देणार नाही, त्याच्याकडे शस्त्रक्रियाही करू नका.