काट्यावरची खेप बिलापर्यंत पोचते कशी?



उसाची गाडी काट्यावर चढली, भरल्या गाडीचे वजन झाले, रिकामीचे झाले आणि हातात पावती पडली की आपण निर्धास्त होतो. पण तो आकडा पुढे हिशेब खात्याच्या संगणकात जायचा असतो. रात्री दोन वाजता तो संगणक बंद असेल तर? काट्याच्या प्रोग्रॅमने निरोप थेट धाडला आणि घेणारा जागेवर नसला, तर निरोप गेला वाऱ्यावर. मग पंधरवड्याच्या बिलात एक खेप कमी, आणि सभासदाचे ऑफिसला हेलपाटे!

यावरचा उपाय आपण यार्डात रोज बघतो. गव्हाण बंद पडली म्हणून गाड्या कुणी परत धाडत नाही. त्या नंबराने उभ्या राहतात. निरोपांच्या अशाच रांगेला ‘मेसेज क्यू’ म्हणतात. आयबीएम कंपनीने 1993 साली ‘एमक्यूसिरीज’ नावाने असे सॉफ्टवेअर आणले. बँकांत ते आजही ‘आयबीएम एमक्यू’ म्हणून चालते. निरोप टिकाऊ म्हणून नोंदला की डिस्कवर उतरतो, वीज गेली तरी राहतो. घेणाऱ्याने ‘काम पुरे झाले’ असे कळवल्यावरच तो रांगेतून काढायचा, अशीही सोय आहे.

पण नुसती रांग लावून भागत नाही. काट्याचा प्रोग्रॅम लिहिणारा आपल्या प्रोग्रॅमात रांगेचे यंत्र कुठले, पासवर्ड काय, हे लिहून ठेवतो. बिलवाला पुन्हा तेच लिहितो, भांडारवाला तिसऱ्यांदा. यंत्र बदलले की तीन ठिकाणी दुरुस्ती, आणि एक हमखास राहून जाते. म्हणून रांगेची व्याख्या एकदाच, एका जागी करावी. नाव, पत्ता, निरोपात पावती नंबर, सभासद क्रमांक, निव्वळ वजन कोणत्या क्रमाने, निरोप टिकाऊ की कसा, हे सारे तिथेच. प्रोग्रॅमला ठाऊक फक्त नाव.

एमक्यूत यासाठी ‘एलिअस क्यू’ असते. ते रांगेचे टोपणनाव. आत रांग बदलली तरी नाव तेच. उद्या वजनाचा एसएमएस सभासदाला पाठवायचे ठरले, तर अडचण अशी की रांगेतला निरोप एकच जण उचलतो. एसएमएसवाल्याने उचलला तर बिलवाला उपाशी! तेव्हा तेच टोपणनाव ‘टॉपिक’कडे वळवतात. टॉपिक निरोपाची प्रत प्रत्येकाच्या रांगेत टाकतो, आणि काट्याच्या प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही.

दोन गोष्टींत मात्र माणूसच लागतो. पत्ता न लागलेले निरोप ‘डेड लेटर क्यू’त जातात. ती रोज कुणी उघडून पाहिली नाही तर खेप तिथेच पडून. दुसरे असे, की मध्येच लाईन तुटली तर तोच निरोप दोनदा येऊ शकतो. बिलाच्या प्रोग्रॅमने पावती नंबर तपासलाच पाहिजे, नाहीतर एका गाडीचे दोनदा पैसे, आणि ऑडिटच्या वेळी सगळ्यांची धावपळ.

म्हणून बिल जुळेपर्यंत पावती फाडू नका. निरोप कुठे अडकला, हे त्या नंबरावरूनच शोधता येते.