विश्लेषण : बिदरी काळीभोर कशी होते? किल्ल्याच्या मातीचे रहस्य काय?

काळ्याभोर सुरईवर चांदीची वेलबुट्टी. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयापासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयापर्यंत अनेक ठिकाणी काचेआड दिसणारी ही वस्तू म्हणजे बिदरी. हा काळा रंग पाहून अनेकांना ते लोखंड वाटते, तर काहींना रंग दिलेले पितळ. प्रत्यक्षात ते असते जस्त. आणि तो काळेपणा रंगाचा नव्हे, तर मातीचा असतो.

कला आली कुठून?

बिदर हे शहर आज कर्नाटकात, पण लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी उदगीर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला हलवली. त्याच काळात इराणकडील कारागीर ही कला घेऊन आले, असे परंपरा सांगते. मात्र तेव्हाची म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी वस्तू हाती नाही. आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या वस्तू साधारण सतराव्या शतकातील आहेत, आणि त्यांत हुक्क्याच्या बैठका भरपूर. याचे कारण सरळ आहे. दख्खनमधून तंबाखू अकबराच्या दरबारात पोहोचली ती सतराव्या शतकाच्या आरंभी. पुढे हुक्का ही प्रतिष्ठेची वस्तू झाली आणि कारागिरांना मोठे गिऱ्हाईक मिळाले.

जस्तच का?

जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ओतायला सोपे. खरी अडचण ते खनिजातून मिळवण्याची. त्यासाठी लागणाऱ्या उष्णतेत जस्ताची वाफ होते आणि हवा लागताच ती जळून पांढरी पूड उरते. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे मध्ययुगीन कारागिरांनी यावर तोड काढली होती. वांग्याच्या आकाराची मातीची भांडी भट्टीत उलटी ठेवून ते जस्ताची वाफ खालच्या थंड भागात उतरवत. युरोपात जस्त गाळण्याच्या पद्धतीचे पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनला मिळाले ते १७३८ मध्ये.

बिदरीच्या मिश्रधातूत बहुतांश जस्त आणि थोडे तांबे असते. तांबे थोडेच, पण तेच निर्णायक. ते का, हे शेवटच्या टप्प्यात कळते.

घडते कशी?

माती, एरंडेल तेल आणि राळ यांच्या साच्यात वस्तू ओततात. ती कानशीने घासून गुळगुळीत केली की मोरचूदाचे पाणी चोळतात. त्याने तात्पुरता काळपटपणा येतो, म्हणजे छिन्नीने कोरलेली रेघ पांढरी उमटून दिसते. कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवली तर तारकशी, पत्रा कापून बसवला तर तैनिशान. आफताबीत उलटा खेळ असतो. पत्र्यातच नक्षी कापलेली असल्याने चांदीच्या जमिनीवर काळी फुले दिसतात.

ठोकून झाल्यावर वस्तू पुन्हा घासतात. या वेळी ती सगळीच पांढुरकी दिसते आणि चांदी कुठे, जस्त कुठे हे नवख्याला सांगता येत नाही. मग बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती नवसागरासह पाण्यात कालवतात आणि गरम केलेल्या वस्तूला लावतात. बघता बघता जस्त काळे पडते आणि चांदी तशीच राहते. वर तेलाचा हात फिरवला की काळा रंग खुलतो.

मातीत असे काय आहे?

किल्ल्याच्या ज्या भागांत शतकानुशतके ऊन-पाऊस पोहोचलेला नाही, तिथलीच माती चालते, असे कारागीर मानतात. जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. हे ऐकायला अंधश्रद्धेसारखे वाटते, पण तसे नाही. अशा जुन्या, कोरड्या मातीत सोऱ्याचे क्षार साठलेले असतात आणि ते चवीला कळतात. हे क्षार आणि नवसागर पृष्ठभागावर काम करतात. तिथल्या तांब्यामुळे काळा थर धरतो. निव्वळ जस्ताला असा रंग चढत नाही. चांदीवर मात्र या मिश्रणाचा परिणाम होत नाही.

आजची स्थिती काय?

बिदरीला भौगोलिक मानांकन आहे. बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्रीही जाहीर झाली. तरीही हिशेब अवघड आहे. चांदी महागली की कारागिराचे भांडवल अडकते. मग तार बारीक होते, नक्षी विरळ होते, आणि गिऱ्हाइकाला ते लगेच कळतही नाही. त्यातच साध्या धातूवर काळा रंग देऊन नक्षी उमटवलेल्या वस्तू ‘बिदरी’ म्हणून स्वस्तात विकल्या जातात. खऱ्या वस्तूवर चांदीची कड खाचेत घट्ट बसलेली असते. नख फिरवले तरी ती उचकटत नाही आणि काळा रंग पोपडा धरून निघत नाही.

घरात बिदरी असेल तर ती पितळी भांड्यासारखी चिंच-लिंबाने घासू नये, काळा थर जातो. रंग फिका वाटला तर मऊ कापडाने खोबरेल तेल चोळणे पुरते.