डेल्टा प्लस आणि गोंदिया जिल्ह्यातील निर्बंध (२०२१)

डेल्टा प्लस हा कोव्हिड-१९ या आजारास कारणीभूत असलेल्या कोरोना विषाणूच्या डेल्टा प्रकाराचा एक उपप्रकार होय. जून २०२१ मध्ये त्याचे रुग्ण महाराष्ट्रात आढळल्यावर राज्य शासनाने निर्बंधांचे निकष बदलले. त्यामुळे साथ ओसरू लागलेल्या गोंदिया जिल्ह्यातही निर्बंध पुन्हा कडक झाले.

उत्परिवर्तन

या विषाणूची जनुकीय संहिता सुमारे ३०,००० अक्षरांची आहे. पेशीत शिरल्यावर तिच्या असंख्य प्रती तयार होतात आणि नकल करताना एखादे अक्षर चुकते. या चुकीलाच उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. काही तर विषाणूलाच मारक ठरतात. एखादी चूक मात्र त्याला पेशीशी अधिक घट्ट जोडते किंवा प्रतिपिंडांपासून लपवते आणि मग तोच प्रकार इतरांना मागे टाकतो. विषाणू हेतुपुरस्सर 'रूप बदलतो' ही वर्तमानपत्री भाषा त्यामुळे दिशाभूल करणारी आहे. जितक्या अधिक लोकांना संसर्ग, तितक्या अधिक प्रती आणि तितक्या अधिक चुका, एवढाच हा हिशेब आहे. मुखपट्टी, अंतर आणि विलगीकरण या उपायांनी संसर्ग रोखला की उत्परिवर्तनाची संधीही घटते.

डेल्टा प्रकाराचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात घेतलेले आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये पश्चिम विदर्भात रुग्ण झपाट्याने वाढले आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर येथे टाळेबंदी लागू झाली. डिसेंबरच्या तुलनेत महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन विशिष्ट उत्परिवर्तने वाढल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च रोजी जाहीर केले. त्यावरून 'डबल म्युटंट' हे नाव रूढ झाले. वस्तुतः त्या विषाणूत दोनहून अधिक बदल होते. याच कुळातील एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे रोजी डेल्टा हे नाव दिले. डेल्टाच्या काटेरी प्रथिनात ४१७व्या स्थानी आणखी एक बदल झाला की त्याला डेल्टा प्लस म्हटले गेले. दक्षिण आफ्रिकेत प्रथम आढळलेल्या बीटा प्रकारातही हा बदल होता आणि बीटा प्रतिपिंडांना काही अंशी चुकवीत असे. म्हणून चिंता वाढली.

पाच स्तर

राज्यात ७ जून २०२१ पासून जिल्ह्यांची पाच स्तरांत विभागणी झाली. तपासण्यांत बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांहून कमी असतील, तर जिल्हा पहिल्या स्तरात येई. या स्तराच्या पहिल्या यादीत गोंदियाचे नाव होते. तेथे दुकाने नेहमीप्रमाणे उघडता आली.

राज्यात १५ मेपासून घेतलेल्या सुमारे ७,५०० नमुन्यांत डेल्टा प्लसचे २१ रुग्ण आढळल्याचे २१ जून रोजी सांगण्यात आले. ते रत्नागिरी, जळगाव, मुंबई, पालघर, ठाणे आणि सिंधुदुर्ग येथील होते. गोंदियात एकही नव्हता. तरीही २५ जूनच्या आदेशाने सर्व जिल्हे किमान तिसऱ्या स्तरात आले. जिल्ह्यातील आकडे कितीही चांगले असले तरी त्याखालचा स्तर मिळणार नव्हता. बाधितांचे प्रमाण काढताना अँटिजेन चाचण्या वगळून केवळ आरटीपीसीआर चाचण्या धरायच्या होत्या. दुकाने दुपारी चारला बंद होऊ लागली आणि शनिवार-रविवारी अत्यावश्यक वस्तूंचीच दुकाने उघडी राहिली.

गोंदियातील व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय अन्यायकारक वाटणे स्वाभाविक होते. त्याची दुसरी बाजूही दुर्लक्षणीय नाही. गोंदिया जंक्शन मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे, मुंबई-कोलकाता महामार्ग सडक अर्जुनी आणि देवरी तालुक्यांतून जातो आणि जिल्ह्याची सीमा मध्य प्रदेश व छत्तीसगढला भिडते. रत्नागिरीचा विषाणू येथे पोहोचण्यास फार दिवस लागणार नव्हते.

निदानातील विलंब

आरटीपीसीआर चाचणी विषाणू आहे की नाही एवढेच सांगते. तो कोणत्या प्रकारचा आहे हे कळण्यासाठी संपूर्ण संहिता वाचावी लागते. त्यास जनुकीय क्रमनिर्धारण म्हणतात. त्यासाठी विषाणूचे प्रमाण पुरेसे असलेले निवडक नमुने मोठ्या प्रयोगशाळांकडे जात आणि अहवाल येईपर्यंत रुग्ण बहुधा बरा झालेला असे. अशा अहवालाचा उपयोग त्या रुग्णाच्या उपचारापेक्षा त्याच्या संपर्कातील लोकांचा शोध घेण्यासाठी अधिक होतो.

शासनाच्या २ ऑगस्टच्या आदेशाने, ११ जिल्हे वगळता, गोंदियासह बहुतेक जिल्ह्यांत दुकानांची वेळ रात्री आठपर्यंत वाढली. त्यानंतर काही दिवसांतच राज्यातील डेल्टा प्लस रुग्णांची संख्या ६६ झाल्याचे जाहीर झाले. त्यांत गोंदिया जिल्ह्यातील दोघे होते. डेल्टा प्लस मूळ डेल्टापेक्षा अधिक वेगाने पसरण्याची शक्यता कमी आहे, असा निष्कर्ष जनुकीय देखरेख करणाऱ्या 'इन्साकॉग' या प्रयोगशाळांच्या राष्ट्रीय गटाने पुढे काढला.