‘नाही’ म्हणण्याचा हक्क

१९६१ साली अमेरिकेतील न्यू हेवन शहरात एक जाहिरात प्रसिद्ध झाली. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी पाचशे पुरुष हवे आहेत. सुमारे एक तासाच्या कामाबद्दल चार डॉलर आणि प्रवासखर्चाचे पन्नास सेंट मिळतील, असा तिचा आशय होता. काम येल विद्यापीठाचे असल्यामुळे लोकांचा विश्वास बसला. टपाल खात्यातील कारकून, शिक्षक, विक्रेते, इंजिनियर, मजूर असे नाना व्यवसायांतील लोक विद्यापीठाची पायरी चढले. स्टॅन्ली मिलग्रॅम या तरुण मानसशास्त्रज्ञाला मात्र त्यांची स्मरणशक्ती तपासायची नव्हती. त्याला त्यांचा आज्ञाधारकपणा तपासायचा होता.

आलेल्या गृहस्थाला ‘शिक्षक’ नेमण्यात येई. शेजारच्या खोलीत बसवलेला ‘विद्यार्थी’ हा प्रयोगकर्त्याचाच माणूस असे; परंतु ही गोष्ट शिक्षकाला ठाऊक नसे. शिक्षकापुढे तीस कळांचे एक यंत्र ठेवलेले असे. पहिल्या कळेवर १५ व्होल्ट आणि शेवटच्या कळेवर ४५० व्होल्ट असे आकडे होते. विद्यार्थी चुकला की विजेचा धक्का द्यायचा आणि प्रत्येक चुकीला एक कळ पुढे सरकायचे, असा नियम होता. वस्तुतः विद्यार्थ्याला धक्का मुळीच बसत नसे. शिक्षकाला मात्र तो खरा वाटे. भिंतीवर आघात ऐकू येत, पुढे सारे शांत होई. शिक्षक कचरला, तर जवळच उभा असलेला प्रयोगकर्ता शांतपणे सांगे, की प्रयोग पुढे चालू ठेवणे आवश्यक आहे. मिलग्रॅमने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्या वृत्तान्तात चाळीस जणांची हकीकत आहे. त्यांपैकी सव्वीस जण शेवटच्या कळेपर्यंत गेले.

चांगली माणसेदेखील वाईट आज्ञा कशी पाळतात, याचे उदाहरण म्हणून हा प्रयोग जगभर सांगितला जातो. त्या खोलीतील ‘शिक्षकां’चे काय झाले, हा प्रश्न मात्र तितकासा विचारला जात नाही. त्यांना घाम फुटत होता, हात थरथरत होते, बोलताना जीभ अडखळत होती. चाळिसांपैकी चौदा जणांना विचित्र, अनावर हसू येत होते. १९६४ साली डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ विदुषीने जाहीरपणे विचारले, की विश्वासाने आलेल्या माणसाला असे पिळून काढण्याचा अधिकार संशोधकाला कोणी दिला? मिलग्रॅमने उत्तर दिले, की प्रयोगानंतर विद्यार्थी सुखरूप असल्याचे प्रत्येकाला दाखवण्यात आले होते. शिवाय पुढे पाठवलेल्या प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्यांपैकी ८४ टक्के लोकांनी भाग घेतल्याबद्दल समाधानच व्यक्त केले होते.

हे उत्तर प्रामाणिक असले तरी पुरेसे नाही. मागाहून झालेले समाधान हे आधी घेतलेल्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. त्यातही एक बोचरी गोष्ट अशी, की अधिकारी माणसासमोर ‘नाही’ म्हणणे सामान्य माणसाला किती जड जाते, हे या प्रयोगानेच सिद्ध केले. तसे असेल, तर अधिकारी माणसाने मागितलेल्या संमतीला मिळालेल्या ‘होय’चे मोल काय? ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘होय’ला अर्थ नाही. मानवी संशोधनातील नीतीचा सारा विचार या एका वाक्यापाशी येऊन थांबतो.

त्याच देशात याहून भयंकर प्रकार घडत होता. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खाते सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण करीत होते. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. तुमचे रक्त बिघडले आहे, एवढेच त्यांना सांगण्यात आले. पुढे पेनिसिलिन हे हमखास औषध हाती आले, तरी रोगाची वाटचाल शेवटपर्यंत पाहता यावी म्हणून ते त्यांना दिले गेले नाही. १९७२ साली वर्तमानपत्रांनी हे उघडकीस आणले, तेव्हा चाळीस वर्षे लोटली होती. १९७४ साली अमेरिकेत कायदा झाला, त्यानुसार एक आयोग नेमला गेला आणि १९७९ साली ‘बेलमॉन्ट अहवाल’ प्रसिद्ध झाला.

या अहवालाने तीन तत्त्वे सांगितली. पहिले, व्यक्तीचा आदर. माणूस स्वतःचा निर्णय स्वतः घेतो, हे मानून त्याला सारे समजावून सांगावे. बालक, रुग्ण, कैदी अशा दुबळ्या स्थितीतील लोकांना अधिक संरक्षण द्यावे. दुसरे, हिताची काळजी. हानी शक्य तितकी टाळावी आणि उरलेला धोका मिळणाऱ्या ज्ञानाच्या तुलनेत तोलावा. तिसरे, न्याय. संशोधनाचा भार गरिबांनी वाहावा आणि फळ मात्र इतरांनी खावे, असे होऊ नये.

भारतातही हा विचार रुजला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००० सालच्या मार्गदर्शक सूचनांच्या शीर्षकात माणूस हा संशोधनाचा ‘विषय’ होता. २००६ साली तो ‘सहभागी’ झाला. शब्द एकच बदलला, परंतु विषयाला मत नसते, सहभागी माणसाला ते असते. परिषदेच्या २०१७ सालच्या सूचनांत सामाजिक व वर्तनविषयक संशोधनाला स्वतंत्र प्रकरण मिळाले. आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेने तर २००० सालीच एका राष्ट्रीय समितीची नीतितत्त्वे प्रसिद्ध केली होती.

सामाजिक संशोधनात सुई नसते, औषध नसते. नुसते प्रश्न असतात. म्हणून त्यापासून इजा होत नाही, असा समज आहे. तो खरा नव्हे. नवरा मारतो काय, असा प्रश्न सासूच्या देखत विचारला, तर त्या स्त्रीवर रात्री काय ओढवेल, हे सांगायला नको. दोन भाषांच्या सीमेवरील गावात घरात कोणती भाषा बोलता, हा साधा प्रश्नही उत्तर देणाऱ्याचे नाव फुटल्यास शेजाऱ्याशी वैर निर्माण करू शकतो. वैद्याने रोग्याची आणि धर्मगुरूने पापनिवेदन करणाऱ्याची गोष्ट जशी पोटात ठेवावी, तशीच संशोधकानेही ठेवली पाहिजे. नावे वगळली म्हणजे काम झाले, असेही नाही. लहान गावात ‘एक विधवा शिक्षिका’ एवढे छापले, तरी सारा गाव तिला ओळखतो.

संमतीची खरी कसोटी शाळेच्या वर्गात लागते. गुरुजी प्रश्नावली वाटतात आणि म्हणतात, ज्याची इच्छा असेल त्यानेच भरावी. चाळीस मुले मुकाट्याने भरतात. ही इच्छा नव्हे, शिस्त होय. म्हणूनच पालकांच्या परवानगीबरोबर सात वर्षांवरील मुलाची स्वतःची मान्यताही घ्यावी, असे आपल्याकडील सूचना सांगतात. ती घेताना वर्गशिक्षकाने बाजूला राहावे, हे उत्तम. गावातही हाच न्याय लागू आहे. सरपंचाची परवानगी म्हणजे गावात शिरण्याची मुभा. घरातल्या माणसाची संमती त्याची त्यालाच विचारावी लागते.

मग मिलग्रॅमसारखे सत्य दडवणारे प्रयोग कधीच करू नयेत काय? आजचा नियम सरसकट बंदीचा नाही. दुसरा मार्ग नसेल, गंभीर त्रास होणार नसेल आणि स्वतंत्र नीतिसमितीने आधी तपासून मान्यता दिली असेल, तरच काही गोष्टी झाकून ठेवता येतात. आणि काम संपताच त्या सांगाव्या लागतात.

तेव्हा उद्या कोणी वही किंवा यंत्र घेऊन दारी आला, तर घरधन्याने किंवा घरधनिणीने चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. हे काम कोणाचे? माहिती कोठे जाणार? नाव गुप्त कसे राहणार? आणि मध्येच थांबलो, तर काही बिघडेल काय? चांगला संशोधक या प्रश्नांनी रागावत नाही. शेवटच्या प्रश्नाला तो ‘काहीही बिघडणार नाही’ असे उत्तर देतो आणि कोणी थांबलेच, तर वही मिटून, नमस्कार करून पुढच्या घराकडे वळतो.